युरोपात ओळखीचा शब्द भेटला, तर या चुका टाळा

हिंदीतली 'शिक्षा' आणि मराठीतली 'शिक्षा' यांची गल्लत आपण शाळेतच करून मोकळे होतो. तरी युरोपात गेल्यावर इंग्रजीच्या भरवशावर तोच घोळ नव्याने घालतो.

सगळ्यांत महाग पडते ती वेळ. इंग्लंडमध्ये 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. जर्मनीत 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच! हे माहीत नसल्याने मी खोली बघायला तासभर उशिरा पोचलो. ती तोवर दुसऱ्याला दिलेली. नंतर लक्षात आलं, की जर्मन चुकत नाही, आपणही कधीकाळी असंच मोजायचो. 'अडीच'चं मूळ संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातलं तिसरं अर्धंच भरलंय ते. 'हाल्प द्राय' हुबेहूब तेच. तेव्हा 'हाल्प' ऐकलं की पुढच्या आकड्यातून अर्धा तास वजा करा. मनात शंका राहिलीच, तर १४:३० असं लिहून घ्या.

आकड्यांतही जपा. जर्मन 'बिलिओन' म्हणजे एकावर बारा शून्यं. आपल्या एक अब्जाला तिथे 'मिलियार्ड' म्हणतात. (ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीत नऊ शून्यांचा बिलियन धरायचं जाहीर केलं, तेही १९७४ मध्ये.)

स्पेनच्या औषधाच्या दुकानात 'कोन्स्तिपादो' म्हणालात, तर सर्दीचं औषध मिळेल. बद्धकोष्ठासाठी 'एस्त्रेन्यिदो' म्हणा. फ्रान्समध्ये जॅममध्ये 'प्रेझेर्वातिफ' आहे का, असं विचारू नका, तो शब्द निरोधाचा आहे. टिकवण्यासाठी घालतात ते 'कोन्सेर्वातर'. इटलीत नळावरचा 'सी' गरम पाण्याचा, कारण 'काल्दो' म्हणजे गरम. हात पोळायच्या आधी लाल-निळी खूण बघा. नॉर्वेत 'फ्रोकोस्ट'ला बोलावलं तर सकाळी जा, डेन्मार्कमध्ये दुपारी.

आणि बटाटा. पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेला हा शब्द लिस्बनच्या बाजारात जसाच्या तसा चालतो. माद्रिदला मात्र 'बटाटा' मागितलात, तर पिशवीत रताळी पडतील. बटाट्याला तिथे 'पटाटा' म्हणतात. खरं तर स्पॅनिश लोकांचंच बरोबर, कारण कॅरिबियन बेटांवरून आलेला हा शब्द मुळात रताळ्याचाच. उपास असेल तर बिनधास्त मागा, दोन्ही चालतात.