लोकांच्या फोनमधून डेटा घेताय? मोबदला देताना या चुका टाळा

गोव्यातल्या खड्ड्यांचा नकाशा करायचा तर मोटारसायकल पायलटांची, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांची, मदत घ्यावी. खिशातला फोन धक्के मोजतो, जीपीएस जागा टिपतो. त्याबदल्यात पेट्रोलचे पैसे देणं रास्तच. पण ओळख उघडी पडते ती अनेकदा याच पैशांमुळे.

नाव-नंबर काढला की काम झालं, असं समजू नका. 2013 च्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. कोण कुठे, किती वाजता होता अशा चार नोंदी 95 टक्के माणसं इतरांपासून वेगळी काढायला पुरल्या. चोडणच्या फेरीबोटीने रोज पहाटे एखादाच पायलट जात असेल, तर तेवढ्याही लागणार नाहीत. वाटेची दोन्ही टोकं फोनमध्येच छाटा. घराभोवती ज्या वर्तुळातल्या नोंदी छाटायच्या, ते थोडं बाजूला सरकवून एकदाच ठरवा. घर मध्यावर ठेवलंत तर छाटलेली टोकंच त्याचा पत्ता देतील.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. डेटा टोपणनावाने घेतात आणि पैसे लगेच यूपीआयने पाठवतात. नोंद आठ वाजता, पैसे आठ वाजून एक मिनिटाने, तेही किलोमीटर मोजून 37 रुपये. दोन याद्या शेजारी ठेवल्या की नाव सापडलंच.

यावर संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्ये ‘आंधळी सही’ मांडली. कार्बन लावलेल्या बंद पाकिटावर सही केली की आतल्या कागदावर उमटते, पण सही करणाऱ्याला कागद दिसत नाही. फोन डेटासोबत असं झाकलेलं टोकन, म्हणजे कूपनासारखा एक आकडा, पाठवतो, सर्व्हर सही करतो. पुढे पायलट ते उघडून स्वतःच्या नावाने वटवतो. सही खरी हे कळतं, नोंद कुठली ते कळत नाही. मात्र सगळी टोकनं एकाच किमतीची हवीत आणि काही दिवसांनी, बरीच एकत्र वटवायला हवीत. नाहीतर वेळ आणि रक्कम पुन्हा चुगली करतात.

एकच माणूस पाच सिमवरून नोंदी पाठवतोय? नोंदणी प्रत्यक्ष ओळख पाहून करा आणि नोंद पाठवायचे परवानेही आंधळ्या सहीनेच, माणशी ठरावीक द्या. तोच परवाना किंवा तेच टोकन दुसऱ्यांदा आलं का, एवढंच सर्व्हरने तपासावं.

फोन फुटला, टोकनं गेली, अशी तक्रार येणारच. पण त्यासाठी ऑफिसात कुणाचं टोकन कुठलं याची गुपचूप वही ठेवू नका. त्या वहीने सगळी मेहनत वाया जाते. पायलटाच्याच पासवर्डने कुलूपबंद बॅकअपची सोय पहिल्या दिवसापासून द्या.