पितळ ओतताना उठणारा पांढरा धूर

नाशिकच्या तांबट आळीत किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पितळ वितळवताना मुशीवर जो दाट पांढरा धूर दिसतो, तो तांब्याचा नसून जस्ताचा असतो. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पितळही साधारण त्याच तापमानाला वितळते, त्यामुळे भट्टी गरजेपेक्षा जास्त तापवली की धूर लगेच वाढतो. हा धूर छातीत गेल्यास काही तासांनी, बहुधा घरी पोहोचल्यावर, थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि अंग दुखते. हा त्रास एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणूनच तो साधा फ्लू म्हणून खपून जातो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तो अधिक जाणवतो, ही त्याची खूण. धाप लागल्यास मात्र दवाखान्यात जाऊन कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे.

तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही आणि दूध-गूळही त्यावर उतारा नव्हे. धूर मुशीजवळच ओढून घेणारा पंखा बसवावा, शिवाय धातूच्या धुरासाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरावा. ओली भंगार मोड मुशीत कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला रस अंगावर उडतो.