कोटा क्विकी आधी कानांनी पाहा

रेकॉर्डिंगच्या कामात माझी हयात गेली, त्यामुळे १९३०च्या दशकातले स्वस्त ब्रिटिश संगीतपट मी आधी ऐकतो, मग पाहतो. अशा झटपट केलेल्या स्वस्त चित्रपटांना ‘कोटा क्विकी’ म्हणत. १९२७च्या कायद्याने वितरकांना आणि थिएटरवाल्यांना ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा सक्तीचा झाला. तो भरायला अमेरिकी वितरकांनी फुटाला एक पौंड अशा हिशेबाने चित्रपट करून घेतले.

म्हणून आधी लांबी बघा. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. ६६ मिनिटं म्हणजे जेमतेम ६००० फूट, म्हणजे साधारण ६००० पौंड. नट, वादक, सेट, सगळं त्यातच.

पहिलं गाणं लागलं की डोळे मिटा. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात आवाज पुन्हा रेकॉर्ड करून मिसळला की त्याचा दर्जा घसरायचा, त्यामुळे वादक बऱ्याचदा सेटवरच, कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करत. आता डोळे उघडून तेच गाणं पुन्हा लावा. गायिकेने मान वळवली आणि आवाज किंचित पातळ झाला, तर ती तिथेच, त्याच क्षणी गाते आहे. मान वळवूनही आवाज जागचा हलला नाही, तर गाणं बहुधा आधीच रेकॉर्ड केलेलं.

गाणं मध्येच तुटलं तर लगेच संकलकावर खापर फोडू नका. मी ही चूक अनेक वर्षं केली. ३५ मिमी प्रिंटवर आवाज त्याच्या चित्राच्या २० फ्रेम पुढे छापलेला असतो, आणि प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी चित्राच्या खिडकीतून जाते, मग आवाजाच्या भागातून. म्हणून प्रिंट तुटून जोडलेली असेल, तर आधी चित्र उडी मारतं आणि सेकंदाच्या आत मागोमाग आवाज. हा क्रम एकदा पकडता आला की कुणाचं काम आणि कुणाची झीज, हे वेगळं काढता येतं.

कथेत फार अडकू नका, ती बहुतेक वेळा बेताचीच असते.

सुरुवात जॉन बॅक्स्टर यांच्या १९३४च्या ‘से इट विथ फ्लॉवर्स’ने करा. आजारी फुलवालीसाठी बाजारातली माणसं जलसा करतात, आणि त्या जलशात फ्लॉरी फोर्ड, चार्ल्स कोबर्न असे खरेखुरे म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-विनोदाच्या लोकप्रिय ब्रिटिश रंगमंचाचे, कलावंत गातात. कोबर्न यांचा जन्म १८५२चा, म्हणजे तेव्हा ऐंशी उलटलेली. ते गायला उभे राहिले की खरखर कमी करणारी सेटिंग बंद करा. त्या खरखरीबरोबर शब्दांचे स, श पुसले जातात, आणि या माणसाचा एकही शब्द मला हरवू द्यायचा नाही.