वडिलांवर लिहायला बसाल तेव्हा

अण्णा गेले तेव्हा पेपरात द्यायचा मजकूर मी दहा मिनिटांत लिहून दिला होता. ‘मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल, यशस्वी उद्योजक.’ दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर शेजारच्या चौकटीतल्या अनोळखी गृहस्थांखालीही जवळपास तेच शब्द. फोटोंची अदलाबदल झाली असती तरी कुणाला कळलं नसतं. ते मला वर्षभर सलत राहिलं. म्हणून वर्षश्राद्धाला वाचायला मी आठ पानं लिहिली. ती कशी जमली ते सांगते. ज्यांच्या घरी हे काम पुढ्यात आहे, त्यांना उपयोग होईल.

तेराव्याच्या आत लिहायला बसू नका. त्या दिवसांत फक्त कागद सांभाळा, कारण घर आवरताना पहिल्यांदा रद्दीत जातात ते तेच. अण्णांचा चादरींचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तिथल्या टेबलाच्या खणातून मी जुनी पासबुकं, लाइट बिलं, जेकॉर्डची (चादरीवरची नक्षी ठरवणारी) भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं आणि कामगारांच्या उचलीच्या वह्या पिशवीत भरून घरी आणल्या. फोनमधले त्यांचे आवाजी मेसेज त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवा. माझ्याकडचे मेसेज फोन बदलताना गेले. एकच उरलाय, ‘पाऊस आहे, सावकाश ये.’

मग सालं लावून घ्या. ‘कारखाना कधी सुरू केला?’ असं विचारलंत तर म्हातारी माणसं अंदाजाने काहीतरी सांगतात. त्यांच्या आठवणीतल्या मोठ्या घटनांना धरून विचारा: बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माग किती होते? 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटे सोलापूरही हादरलं होतं, त्यामुळे तेव्हा आपण कुठे झोपलो होतो हे प्रत्येकाला आठवतं. आमच्याकडे आणखी एक हुकमी प्रश्न आहे, ‘गड्ड्याच्या आधी की नंतर?’ गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, ती जानेवारीत संक्रांतीला भरते, म्हणजे महिना आपोआप सापडतो. आत्याने या एका प्रश्नावर अण्णांच्या पहिल्या दोन मागांची तारीख पंधरा दिवसांच्या आत आणून दिली. नंतर लाइट बिलाशी ताडून पाहिली, बरोबर निघाली.

सगळ्यात जास्त वेळ कामगारांना द्या. मालकाबद्दल घरच्यांना जेवढं ठाऊक असतं, त्याच्या दुप्पट त्यांना ठाऊक असतं. शेडमध्ये बोलू नका. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडावं लागतं, आणि ओरडून कुणी मनातलं सांगत नाही. सुट्टीनंतर चहाच्या टपरीवर बसा. ‘अण्णा कसे होते?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका. ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येतं आणि तिथेच बोलणं संपतं. ‘तुमच्यावर कधी चिडले होते का?’ असं विचारा. आमच्याकडे तीस वर्षं काम केलेले एक मामा आहेत, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, एकदा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, खराब झाला म्हणून अण्णांनी त्यांना सगळ्यांदेखत हाकलून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा स्वतः त्यांच्या घरी गेले. माफी मागितली नाही. अर्धा तास बसले, चहा घेतला, पोराची वही पाहिली आणि उठताना म्हणाले, ‘सकाळपाळीला ये.’ मी हे जसंच्या तसं लिहिलं. अण्णा तापट होते. तो राग वगळला असता तर त्यांचं मामांच्या दारात जाणंही कुणाला समजलं नसतं.

कागदांचंही तसंच. उचलीच्या वहीत 2020 चा एप्रिल बघताना मी थांबले. लॉकडाऊन, माग बंद. डावीकडे नावं आणि रकमा ओळीने लिहिलेल्या, आणि उजवीकडे, जिथे परतफेड मांडायची, त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ. पुढच्या पानावरही तीच. घरी ते याबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते. दानशूर हा शब्द मी लिहिला नाही, ती रेघ लिहिली.

आईला मुलाखतीसारखं समोर बसवू नका. हाताला काम असलं की आई आपोआप बोलते. शेंगा चटणी कुटायला बसली तेव्हा मी नुसती लसूण सोलत होते, फोन रेकॉर्डिंगला लावून परडीमागे ठेवला होता, अर्थात तिला सांगूनच. तिने सांगितलं, अण्णा दुपारी जेवायला आले की भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, पांढरे, म्हाताऱ्यासारखे. ते पाटावर बसून डोळे मिटायचे आणि ती एकेक तंतू चिमटीने काढायची. मगच भाकरी वाढायची. ‘पंचवीस वर्षं काढले,’ म्हणाली, आणि मुसळ पुन्हा उचललं. नवरा म्हणून ते कसे होते, हे मी याहून वेगळं काय लिहिणार होते?

वडील म्हणून लिहिताना मात्र हात आखडता ठेवा. तिथे आपण स्वतःबद्दलच लिहायला लागतो. मी एकच गोष्ट ठेवली. तुटलेला धागा कसा सांधायचा हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं. अंगठा आणि तर्जनीत दोन टोकं धरून त्यांची गाठ इतकी बारीक बसायची की बोटाला लागत नसे. माझी नेहमी लागायची. ते ती कापायचे आणि टोकं पुन्हा माझ्या हातात द्यायचे.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा आपलं नसलेलं वाक्य असतं, ते काढा. सात-आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, जेवणं खोळंबलेली असतात आणि लहान मुलं चुळबुळतात. त्यासाठी मी आठातली निम्मी पानं वाचली, बाकीची फाइलला लावली.

आणि सगळ्यांसमोर वाचण्याआधी घरात एकदा आईला वाचून दाखवा. मी लिहिलं होतं की आमच्या मागावर निघालेली पहिली चादर मोरपंखी होती. आई मध्येच उठली. ट्रंक उघडली, तळातून घडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मेंदी रंग होता. कडेला, जिथे धागा तुटला होता, तिथे बोट फिरवून म्हणाली, ‘बघ, लागतंय का काही?’

नाही लागलं. मी रंग दुरुस्त केला.