जुन्या मोटोक्रॉस गाडीला मागचे नवे शॉकअप बसवताय? या चुका टाळा

सोलापूरजवळ होटगीच्या अंगाला मुरमाची एक जुनी खाण आहे. रविवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही पाच-सहा जण तिथे गाड्या पळवतो. काकांची येझदी मी तिथे पहिल्यांदा उडवली तो दिवस चांगलाच लक्षात आहे. ऐंशीच्या दशकात काकांनी ती मोटोक्रॉससाठी, म्हणजे मातीवरच्या उड्यांच्या शर्यतीसाठी, तयार केली होती. हेडलाइट काढलेला, हँडल रुंद, मागे बटण टायर. मागचे शॉकअप मात्र कधीच मेले होते, म्हणून मी नवे आणले. गॅसचे, बाहेर डबी असलेले, दिसायला देखणे. तिसऱ्याच उडीला गाडी टेकली आणि मागून खर्रकन आवाज आला. उतरून बघतो तर मडगार्डच्या आत डोकावणाऱ्या बोल्टने टायरच्या बटणांची मधली ओळ निम्मी सोलून काढली होती.

शॉकअप चांगलेच होते. चूक माझ्या बसवण्यात होती. त्यानंतर मित्रांच्या राजदूत, आरएक्स १०० आणि येझदींवर शॉकअप बदलताना मी हजर राहिलो आहे, आणि दर वेळी तेच दिसतं. तक्रार शॉकअपची असते, दोष बसवण्यात सापडतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लांबी मोजली, स्ट्रोक मोजलाच नाही

दुकानात आपण काय करतो? जुना शॉकअप नव्याशेजारी धरतो, दोन्ही डोळ्यांमधलं (टोकांच्या भोकांमधलं) सेंटर ते सेंटर अंतर जुळलं की पैसे देतो. पण उघडी लांबी हे अर्धंच माप आहे. उरलेलं अर्धं म्हणजे पूर्ण दाबल्यावर शॉकअप किती आखूड होतो, म्हणजे त्याचा स्ट्रोक. उघडी लांबी तीच, पण नव्याचा स्ट्रोक २० मिलिमीटरने जास्त असेल, तर उडीनंतर चाक तेवढंच जास्त वर येणार. प्रत्यक्षात त्याहूनही जास्त, कारण शॉकअप तिरका आणि एक्सलच्या पुढे बसलेला असतो. माझ्या मडगार्डचं हेच झालं होतं.

दुसरा मोह लांब शॉकअपचा. 'मागून उंच केली की उडी चांगली बसते' असं बरेच जण सांगतात. जुन्या गाडीची चेसिस कोणत्या हिशोबाने बनली आहे ते आधी बघा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटोक्रॉसच्या गाड्यांना मागे साधारण १०० मिलिमीटर हालचाल असायची. १९७३ साली हाकान आंडरसनने यामाहाच्या मोनोशॉकवर, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीवर, २५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली आणि मग पाच-सहा वर्षांत ही हालचाल २५० मिलिमीटरच्या वर गेली. पण त्यासाठी कारखान्यांनी चेसिस, चिमटा (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा भाग), पुढचा फोर्क, सगळंच बदललं. नुसते शॉकअप बदलून ते साधत नाही. मागची बाजू २५ मिलिमीटर वर उचलली की पुढच्या फोर्कचा कोन साधारण एक अंशाने उभा होतो. आकडा लहान वाटतो, पण मोकळ्या मुरमावर वेगात हँडल थरथरायला तेवढं पुरतं. शिवाय साइड स्टँड आखूड पडतो आणि गाडी उभी राहता राहता कलंडते. मूळ लांबीपेक्षा दहा-बारा मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्प्रिंग काढून बघा

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. अर्धा दिवस जातो, पण पुढचे सगळे खर्च वाचतात.

दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगा काढा. त्यासाठी स्प्रिंग दाबायचं स्क्रूचं हत्यार वापरा. दोरी बांधून किंवा दोघांनी मिळून हाताने दाबून हा उद्योग करू नका, सुटलेली स्प्रिंग बोटं मोडते. आता नुसते दांडे, म्हणजे स्प्रिंगशिवायचे शॉकअप, गाडीला बसवा, आतला बंप रबर (पूर्ण दबताना धक्का झेलणारा) जागेवर ठेवून. इंजिनखाली लाकडी ठोकळे लावून गाडी उभी करा, मागचं चाक अधांतरी ठेवा आणि चाकाखाली जॅक लावून ते हळूहळू वर न्या, बंप रबर दबून घट्ट होईपर्यंत.

आता टॉर्च घेऊन खाली बसा. टायर आणि मडगार्ड यांच्यात किती जागा उरली? मडगार्डचे बोल्ट आतून डोकावत असतील तर उलटे घाला, म्हणजे गोल डोकं टायरकडे येईल. नंबर प्लेटच्या क्लॅम्पचंही तेच. चिमट्याच्या वरच्या बाजूला चेन घासते का? येझदीला एका सिलिंडरमधून दोन सायलेन्सर निघतात, त्यामुळे शॉकअपच्या खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंनी बघायचं. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा जाड असेल तर चेनगार्डला लागते, म्हणून सुटी स्प्रिंग हातात धरून तिचा घेर जागेवर ताडून बघा. बाहेरची डबी साइड पॅनेलला किंवा स्वाराच्या टाचेला लागते का, तेही.

जॅक सोडून चाक खाली येऊ द्या, आणि मधल्या प्रवासात चेनवर बोट ठेवा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट (तो ज्यावर फिरतो तो सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्या क्षणी तिच्यात निदान १०-१५ मिलिमीटर ढील हवी. गाडी स्टँडवर असताना ताण बरोबर दिसतो आणि मैदानात चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग ओढून काढते, त्याचं कारण हेच. रॉडचा ब्रेक असेल तर चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन हाताने फिरवून बघा. लांब शॉकअप लावल्यावर रॉड ओढला जाऊन ब्रेक आपोआप लागलेला मी पाहिला आहे, आणि मालक बिचारा इंजिनची ताकद कमी झाली म्हणून कार्ब्युरेटर खोलत होता.

बुश: पाच मिनिटांचं काम म्हणून सोडून दिलेलं

सर्वांत जास्त गाड्या इथे बिघडतात. नव्या शॉकअपच्या डोळ्यात रबर असतो आणि त्यात लोखंडी नळी, हाच बुश. गाडीचा स्टड (ज्यावर डोळा बसतो तो खुंट) १२ मिलिमीटरचा आणि नळीचं भोक १० चं निघालं, की हँड ड्रिलने भोक वाढवायचं हा आपला सार्वत्रिक उपाय. ड्रिल कधीच सरळ जात नाही. भोक तिरकं होतं, शॉकअप किंचित वाकडा बसतो, दांडा सीलवर एका बाजूने घासतो आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. उलट भोक मोठं असलं तर लोक त्यात पत्रा गुंडाळून घालतात. तो पहिल्याच दिवशी चिरडतो.

लेथवर जा. सोलापुरात लेथची कमतरता नाही, यंत्रमागाचे सुटे भाग करून आयुष्य घालवलेले टर्नर अक्कलकोट रोडच्या बाजूला सापडतात. मी ज्यांच्याकडे जातो ते अण्णा कागदावरचं माप बघतच नाहीत. स्टड मोजायला मला गाडीच घेऊन यायला सांगतात. व्हर्नियर तीन ठिकाणी लावतात, कारण जुना स्टड मधोमध झिजलेला असतो. मग जुनी नळी प्रेसवर दाबून काढतात, नवी कापतात, कडा मोडतात, आणि अंगठ्याने स्टडवर सरकवून बघतात. 'हातानं दाबून गेली पाहिजे, हातोडी लागली तर परत आण', हे त्यांचं वाक्य.

नळीची लांबीही महत्त्वाची. ती डोळ्याच्या रुंदीपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे नट आवळल्यावर वायसर नळीला दाबतो आणि डोळा रबरावर मोकळा हलतो. नळी आखूड राहिली तर वायसर थेट डोळ्याला आवळतो. मग शॉकअप जागचा फिरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात दांड्यावर आडवा जोर येतो. नट पूर्ण आवळायचे ते गाडी जमिनीवर, चाकावर वजन असताना. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

हे करताना चिमट्याचा बुशही बघाच. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. पिव्होटपाशी कट-कट जाणवली तर आधी ते बुश बदला. सरळ रस्त्यावर शेपूट हलवणाऱ्या कितीतरी गाड्यांचे शॉकअप याच एका दोषापायी विनाकारण बदलले गेले आहेत.

उलटे शॉकअप, रिकामा दाब

जुन्या पद्धतीच्या साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर थोडी हवा असते. तो उलटा बसवला की हवा व्हॉल्व्हपाशी येते आणि दाबताना सुरुवातीला काहीच अडत नाही. कंपनीने दाखवलेली बाजूच वर ठेवा. बसवण्याआधी प्रत्येक दांडा, स्प्रिंगशिवाय, उभा धरून पाच-सहा वेळा सावकाश पूर्ण दाबा आणि ओढा. खोक्यात आडवा पडून आत गेलेली हवा निघून जाते आणि हाताला सलग अडसर लागतो. एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, तर ती जोडी परत करा.

डबीवाल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन असतो, आणि बहुतेकांत १०० पीएसआयच्या बऱ्याच वर. तो व्हॉल्व्ह दाबून बघू नका. टायरच्या दुकानातला नायट्रोजन त्या दाबाला पुरत नाही आणि साधी हवा भरली तर तिच्यातली ओल आत जाते. डबीजवळ वेल्डिंग तर कधीच नको.

स्प्रिंग कडक की मऊ?

इथे अंदाजाने बोलू नका, टेप घ्या. चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, स्वाराशिवाय. मग स्वार हेल्मेट-बुटांसह बसलेला. मागची हालचाल १०० मिलिमीटर असेल तर स्वारासह गाडी २५ ते ३५ मिलिमीटर बसायला हवी, आणि नुसती गाडी साधारण १० मिलिमीटर.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. स्वारासह माप बरोबर आलं, पण नुसती गाडी जराही बसत नाही, तर आपण म्हणतो स्प्रिंग कडक आहे. खरं तर ती मऊ आहे. मऊ स्प्रिंगला तिच्या टोकाच्या कड्याच्या खाचा फिरवून फिरवून इतकं आवळलं आहे की ती गाडीचं वजन अडवून धरते, आणि स्वार बसला की ढासळते. उलट नुसती गाडीच खूप बसते आणि स्वार बसल्यावर फारसा फरक पडत नाही, तर स्प्रिंग कडक आहे. खाचा फिरवल्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडीची उंची बदलते. दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्याच ठेवा, नाहीतर चिमटा पिळला जातो.

शॉकअपचं वरचं टोक पुढे सरकवून तो जास्त तिरका बसवायचा विचार असेल, तर एक हिशोब करा. चाक १०० मिलिमीटर हलताना शॉकअप ८० दबत असेल, तर गुणोत्तर १.२५. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा १.२५ च्या वर्गाने भागला जातो, म्हणजे ६४ टक्केच उरतो. तीच स्प्रिंग त्यामुळे मऊ वाटते.

चालवल्यावर

दोन फेऱ्या मारून थांबा आणि चारही नट पुन्हा बघा. उडीनंतर गाडी मागून उसळून स्वाराला पुढे फेकत असेल तर परतीचा दाब, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना तेलाचा अडसर, कमी आहे. लागोपाठच्या लहान उंचवट्यांवर ती खालीच बसत जात असेल तर तो जास्त आहे. सोलापूरच्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत, तेल पातळ होतं आणि पहाटे बरोबर वाटलेला दाब अकरा वाजता ढिला पडतो. म्हणून सेटिंग ज्या वेळी गाडी चालवणार त्याच वेळी करा. दांड्यावर तेलाचा पुसट थर चालतो. बोटाने पुसल्यावर थेंब जमला तर सील गेलं.

आणि आपल्याकडची एक गोष्ट. मुरमावर टायर आणि मडगार्डमध्ये उरलेली बोटभर जागा पुरेशी वाटते, पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि गाडी काळ्या रानात घातली, की ती माती बटणांमध्ये भाकरीच्या पिठासारखी थापली जाते आणि वर सरकत जाते. चाक जागेवर थांबतं, आणि ती जागा मातीने भरलेली असताना शॉकअप पूर्ण दबला तर मडगार्ड वाकतं, कधी टायर बाजूला ढकलला जाऊन चेन उतरते. काळ्या मातीत जाणार असाल तर स्प्रिंग काढून बघताना किमान तीन बोटं जागा ठेवा. मी शेवटी मडगार्ड ४० मिलिमीटर वर उचलून बसवलं. बोल्ट आता बाहेरच्या तोंडाचे आहेत, आणि काकांनी स्वतः पाना घेऊन ते पुन्हा तपासले.