बेट कोणतंही निवडा, बूट जाड तळव्याचेच घ्या

कॅरिबियनमध्ये किनाऱ्यावरून डायव्हिंगला जायचं ठरलं की पहिली चूक बेट निवडतानाच होते. माणूस प्रवाळांचे आणि कासवांचे फोटो बघत बसतो. पाण्याखाली तिकडे बहुतेक ठिकाणी छानच आहे. बेट सोपं की त्रासाचं, हे ठरतं गाडीच्या दारापासून कंबरभर पाण्यापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांत. पाठीवर टाकी, बीसीडीत (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटात) वजनासाठी शिसं, सगळं मिळून पंचवीसेक किलो, आणि पायाखाली मोडलेल्या प्रवाळांचा खच. मागच्या खेपेला यादीतून नेमके जाड तळव्याचे बूट राहिले आणि पहिले दोन दिवस तळपायाच्या जखमांत गेले. म्हणून ही यादी. बूट त्यात पुन्हा पुन्हा येतील.

आधी बेट. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पाण्याखालचा कडा (जिथून तळ एकदम खोल जातो) किनाऱ्याजवळ आहे आणि गाळ आणणारी नदी नाही, अशी जागा हवी. तिकडचे व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणून बेटाची पश्चिम बाजू आडोशाची. बोनेअर या तिन्हींत बसतं: पश्चिम किनारा लांबलचक, पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिमीच्या आसपास, नदी नाही, आणि बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून पोहत दोन-चार मिनिटांत 9-10 मीटरवर कडा लागतो. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड दिसले की ती डायव्हची जागा. किनाऱ्यावरून जाता येईल अशा पन्नासहून अधिक जागा आहेत. 1979 पासून भोवतालचा सगळा समुद्र, 60 मीटर खोलीपर्यंत, राखीव आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने फार डोकं न खाजवता बोनेअर घ्यावं.

क्युरासाओ कधी घ्यायचं? घरात डायव्ह न करणारी माणसं असतील तेव्हा. तिथे छोट्या वाळूच्या खाड्या आहेत, सावली आहे, खायला मिळतं. प्लाया लागून, पोर्तो मारी, कारकासबाईची पाच मीटरवरची बुडालेली टगबोट, ही सगळी नवख्यांना झेपणारी ठिकाणं. पण ती एकमेकांपासून दूर आहेत, दिवसाला दोन-तीन डायव्हच होतात, आणि पश्चिमेकडच्या चांगल्या जागा राजधानी विलेमस्टाडपासून पाऊण तासावर. ग्रँड केमनला जॉर्ज टाउनमध्ये शिडीने पाण्यात उतरता येतं, ईडन रॉक आणि डेव्हिल्स ग्रोटो तिथलेच. खडक मात्र धारदार चुनखडीचा, स्थानिक लोक त्याला आयर्नशोर म्हणतात. बेट महाग आहे. गाडी आपल्यासारखी डावीकडून चालवायची, तेवढी सोय.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना सेंट क्रॉय सोयीचं, कारण तो अमेरिकेचाच भाग आहे. तरी परत निघताना विमानतळावर कागद तपासतात, पासपोर्ट जवळ ठेवा. फ्रेडरिक्स्टेडच्या धक्क्याखाली समुद्रघोडे दिसतात. केन बेचा कडा मात्र बराच आत आहे, तेवढं पोहण्याची तयारी हवी. अरुबात किनाऱ्यावरून मांगेल हाल्तो सोडलं तर मोजकंच, बाकी होडीने. कोझुमेल, साबा, स्टेशिया ही होडीची बेटं. किनाऱ्यावरून करायचंय म्हणून तिथे जाऊ नका.

आता बूट. तारकर्लीला, गोव्यात ग्रँड आयलंडला किंवा नेत्राणीला शिकलेल्यांची उडी होडीतून असते, त्यामुळे अनेकांकडे अनवाणी पायात घालायचे बंद टाचेचे फिन, म्हणजे पोहण्याचे रबरी पंख, असतात. बोनेअरला ते निरुपयोगी. ते घालून खडकावर चालता येत नाही, आणि न घालता चाललात तर पाय फाटतो. चप्पल घालून गेलात तर ती काठावर ठेवावी लागते, आणि परत येताना लाटेत उभं राहून अनवाणी चालावं लागतं. पातळ वॉटर शूज किंवा क्रॉक्सही नकोत. पहिल्याचा तळवा टोचतो, दुसरे पाण्यात निघून जातात. हवेत ते 5 मिमी निओप्रीनचे, घोट्याच्या वर जाणारे, चेन असलेले, कडक रबरी तळव्याचे बूट. दुकानात तळव्यावर बाहेरून अंगठा जोरात दाबा. बुटात घातलेल्या दुसऱ्या हाताला तो दाब टोकदार लागला तर बूट परत ठेवा.

बूट घेतले म्हणजे काम झालं असं नाही. फिन उघड्या टाचेचे हवेत, आणि बूट घातलेला पाय त्यांच्या खोबणीत गेला पाहिजे. जाड खाचांचा तळवा अनेक खोबण्यांत अर्धाच जातो, मग फिन एक माप मोठे लागतात. म्हणून आधी बूट, मग फिन. दोन्ही घरीच घालून बघा, ओले करूनही बघा, कारण निओप्रीन भिजलं की सैल पडतं. रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा पट्टा घ्या: लाटेत एका पायावर उभं राहून, एक हात जोडीदाराच्या खांद्यावर असताना, बक्कल सोडवत बसता येत नाही. भाड्याच्या बुटांवर भिस्त ठेवू नका. तळवे झिजलेले असतात आणि लहान मापं आधी संपतात. बाकी सगळं भाड्याने चालेल, बूट तुमचे.

एवढा आग्रह का? बोनेअरच्या राखीव समुद्रात हातमोजे घालायला बंदी आहे. तोल गेला तर उघडा हात खडकावर जातो, आणि तिथे लांब काळ्या काट्यांचे अर्चिन आणि लागलं की आग करणारं फायर कोरल असतं. म्हणजे तोल जाऊच नये याची सगळी जबाबदारी पायांवर. जिवंत प्रवाळावर उभं राहायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण पाय टोचत असलेला माणूस जागा मिळेल तिथे पाय टाकतो. जखम खारट पाण्यात दिवसाला चार वेळा भिजली की भरत नाही.

हंगाम. बोनेअर, क्युरासाओ आणि अरुबा चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत, म्हणून जून ते नोव्हेंबरमध्येही जाता येतं. ग्रँड केमन आणि सेंट क्रॉय त्या वाटेवरच आहेत. पण वाट टळली म्हणजे लाट टळली असं नव्हे: नोव्हेंबर 1999 मध्ये लेनी हे वादळ उलटं, पश्चिमेकडून आलं आणि याच आडोशाच्या किनाऱ्यांना झोडपून गेलं. लहान प्रमाणात वारा उलटणं अधूनमधून होतं, बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात. त्या एक-दोन दिवसांत पश्चिमेकडून उतरायचंच नाही. कोकणातल्यासारखं भरती-ओहोटीचं गणित तिथे लागत नाही, फरक हातभरही नसतो. पाणी साधारण 26 ते 29 अंश. तरी दिवसाला तीन-चार डायव्ह केले की थंडी वाजते, म्हणून 3 मिमीचा पूर्ण सूट घ्या. अर्ध्या सुटात गुडघे उघडे राहतात, आणि खडक गुडघ्यांनाच आधी लागतो.

कागद. बोनेअर हे नेदरलँड्सचा भाग असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही. भारतीय पासपोर्टला कॅरिबियन व्हिसाचे वेगळे नियम आहेत, तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून लेखी खात्री करा. ॲमस्टरडॅमवरून जाणार असाल तर तिथल्या थांब्याचे नियमही बघा. बाहेरून येणाऱ्या मोठ्यांना 75 डॉलर प्रवेशकर आणि समुद्रासाठी वर्षाचे 40 डॉलर, दोन्ही आधीच ऑनलाइन भरून पावत्या फोनमध्ये ठेवा. चलन अमेरिकी डॉलरच. डायव्हिंगचा परवाना, म्हणजे किमान ओपन वॉटर हा पहिल्या पायरीचा, लागतोच. मालवणला प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो तो परवाना नव्हे. वर्षभर पाण्यात गेला नसाल तर निघण्याआधी उजळणी करून घ्या, कारण तिथे मार्गदर्शक नसतो, तुम्ही आणि जोडीदार एवढेच. पहिल्या डायव्हआधी माहितीसत्र आणि तपासणी डायव्ह सक्तीचा आहे. तो उरकून टाकू नका. टाकीत हवेचा दाब 50 बार उरलेला असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतं का बघा. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की वर ओढते, तेव्हा शिसं कमी पडतं.

गाडी म्हणजे पिकअप, मागे टाक्यांच्या रॅकसह. गियरची गाडी येत नसेल तर बुकिंग करतानाच सांगा. रॅकमधली टाकी मोकळी ठेवू नका, पट्ट्याने बांधा. गाडी उभी करून पाण्यात जाताना काचा खाली, दारं उघडी, आत काहीही नाही. फोन नाही, पाकीट नाही, कॅमेऱ्याची रिकामी पिशवीसुद्धा नाही. चोरी होते, आणि बंद काच फुटते तो खर्च वेगळा. किल्ली चिप नसलेली मागा आणि बीसीडीच्या खिशात बांधा, नाहीतर पाण्याचा शिरकाव न होणारी डबी न्या. टाक्यांवर व्हॉल्व्ह बहुधा योक (चिमट्यासारखा बसणाऱ्या) प्रकारचा असतो, तुमचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, डिन (आट्यांनी बसणाऱ्या) प्रकारचा असेल तर अडॅप्टर न्या. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) सहज मिळतो, पण ऑक्सिजनची टक्केवारी स्वतः मोजून टाकीवर लिहायची. दुकानाने मोजली म्हणून सोडायचं नाही.

पाण्यात उतरण्याआधी काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा आणि लाटा बघा. आत जाता येईल का हा प्रश्न दुय्यम, बाहेर येता येईल का हा खरा. शंका आली तर गाडीत बसा, पुढचा पिवळा दगड पाच मिनिटांवर आहे. मास्क लावलेला, रेग्युलेटर तोंडात, बीसीडी अर्धी फुगलेली, फिन हातात. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत सरकवायचे, म्हणजे खड्डा आधी कळतो. कडक तळव्याशिवाय असं सरकता येत नाही, हे पुन्हा सांगतो. कंबरभर पाण्यात फिन चढवा, पिवळ्या बोयेपर्यंत पृष्ठभागावरून पोहा आणि तिथे खाली जा. बोयेची दोरी कड्याजवळ कुठे बांधली आहे ते नीट बघून ठेवा, परतीची खूण तीच. पश्चिम किनाऱ्यावर जायची दिशा साधारण पश्चिम, यायची पूर्व, कंपास घेऊनच उतरा. प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध. 200 बारवर निघालात तर 130 ला वळा आणि येताना उथळ या. उरलेली हवा बाहेर पडायची जागा शोधण्यासाठी आहे, ती आणखी एका कासवासाठी नाही. वर येण्याआधी एसएमबी (पृष्ठभागावर दिसणारा खुणेचा फुगा) सोडा, होड्या जातात.

बोनेअरमधल्या सुरुवातीच्या जागा: विमानतळाजवळचा ते आमो किंवा हॉटेलसमोरचा धक्का, उदाहरणार्थ बारी रीफ. हिल्मा हुकर हे 1984 मध्ये बुडालेलं 72 मीटर लांबीचं जहाज 30 मीटरच्या आसपास वाळूवर आडवं पडलंय. आठवड्याच्या मधे जा, आत शिरू नका. सॉल्ट पियर, म्हणजे मिठाचा धक्का, तिथे जहाज लागलेलं नसेल तेव्हाच. हजार पायऱ्या नावाच्या जागेच्या पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास आहेत, पण टाकी घेऊन चढताना पुरेशा. तिथून पुढे करपाटा या जागेपर्यंत रस्ता एकेरी आहे. जागा चुकली तर रिंकॉन गावावरून वळसा पडतो, म्हणून उत्तरेकडच्या जागा क्रमाने ठरवून निघा. पूर्व किनारा अनुभवींसाठी, तोही माहीतगार सोबत असेल तर.

बाकी पटापट. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेलं सनस्क्रीन नको, लांब बाह्यांचा शर्ट घाला. वीज 127 व्होल्ट, अमेरिकी प्लग. पिण्याचं पाणी गाडीत भरपूर. प्रवाळांच्या रोगामुळे एखादी जागा बंद असू शकते किंवा साहित्य निर्जंतुक करायला सांगतात. दुकानात विचारा आणि ऐका. डायव्हिंगचा विमा घ्याच, साधा प्रवासविमा पुरत नाही. डीकॉम्प्रेशन चेंबर (घाईने वर आल्याने होणाऱ्या त्रासावर उपचाराची दाबाची खोली) बोनेअरची राजधानी क्रालेन्डाइकच्या इस्पितळात आहे. जखमांसाठी जंतुनाशक, चिमटा, पाण्यात टिकणाऱ्या पट्ट्या. मास्कची आणि फिनची एकेक जादा पट्टी.

शेवटचा डायव्ह विमानाच्या किमान 18 तास आधी. त्या वेळात साहित्य गोड्या पाण्यात धुऊन सुकवा. बूट चेन उघडून, तळवे वर करून वाऱ्यात ठेवा आणि आतली वाळू झटका. ओले बूट किलो-दीड किलो वजन वाढवतात आणि पेटीत दोन दिवस राहिले की वास जात नाही.