लिपिड प्रोफाइलमधला एचडीएल कसा वाचावा

लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. तिच्यातल्या एचडीएलला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात, पण हे नाव थोडं फसवं आहे. कोलेस्टेरॉल एकच, ते वाहून नेणारे कण वेगवेगळे. 'वाईट' म्हणतात त्या एलडीएलचे कण जास्त झाले की धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात. एचडीएलचे कण यकृतात आणि आतड्यात जवळजवळ रिकामेच तयार होतात. धमनीच्या भिंतीतल्या, चरबी गिळून फुगलेल्या पेशींकडून ते कोलेस्टेरॉल उचलतात आणि यकृतात आणून सोडतात. पुढे ते पित्तावाटे बाहेर पडतं.

रिपोर्टमध्ये एचडीएल पुरुषांत 40 आणि बायकांत 50 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर तो कमी समजतात. पण तिथेच थांबू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. एकूण 190 आणि एचडीएल 34 असेल, तर उरले 156. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत साचू शकणारं सगळं. ते साधारण 130च्या आत हवं, हृदयविकार असलेल्यांचं 100च्या आत. एकूण 190 बघून निर्धास्त होणारे इथेच चुकतात.

दुसरी चूक जास्त घातक: 'माझं चांगलं 65 आहे, मग एलडीएल 160 असलं तरी चालेल.' चालत नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल 70 टक्क्यांहून जास्त वाढला, तरी मृत्यू वाढले म्हणून 2006 साली चाचणी थांबवावी लागली. आकडा वाढला म्हणजे काम वाढलं असं नव्हे. म्हणून एचडीएल वाढवायला तूप किंवा दारू सुरू करू नका.

आपल्याकडे एचडीएल कमी असला की बहुधा ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, 150च्या वर सापडतं. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलं की ते एचडीएलच्या कणांत भरलं जातं. असे कण लहान होऊन लवकर नष्ट होतात. म्हणून आधी चहातली साखर, मैदा, ताटातला भाताचा डोंगर कमी करा. त्या जागी उसळ, भाजी, ज्वारीची भाकरी. वनस्पती तूप पूर्ण बंद. आठवड्यात किमान 150 मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने चाला. पोटाचा घेर उतरवा. सिगारेट सोडा; एचडीएल काही आठवड्यांतच वर येऊ लागतो.

तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, पण ताप किंवा संसर्ग असताना नको, कारण तेव्हा एचडीएल तात्पुरता घसरतो. ट्रायग्लिसराइड 400च्या वर असेल तर हिशेबाने काढलेला एलडीएल भरवशाचा नसतो. तो थेट मोजून घ्या. डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं असेल, तर एचडीएल सुधारला म्हणून ते स्वतःहून बंद करू नका.